पन्नास जणांची साथ

व्हायोलिनला ऊन सोसत नाही. त्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात. फार तापलं की सरस ढिला होतो, वरचं व्हार्निश मऊ पडतं. तारा सैलावतात आणि सूर खाली येतो. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांचं नेमकं उलट. नळीतली हवा तापली की त्यांचा सूर वर चढतो. त्यामुळे जुलैच्या दुपारी आयोवातल्या उघड्या मैदानावर ऑर्केस्ट्रा बसवला, की अर्धे वादक खाली घसरायला लागतात आणि अर्धे वर सरकायला. मधल्या खऱ्या सुराला कुणी वाली उरत नाही.

हे सगळं मला शेजारणीने सांगितलं. ती शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवते आणि आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनच्या रांगेत बसते. हा ऑर्केस्ट्रा म्हणजे काही शिकागोचा नव्हे. इथे कुणाला महिन्याचा पगार नाही. तालीम असो की कार्यक्रम, हजेरीमागे ठरलेले पैसे. त्यामुळे कुणी शाळामास्तर, कुणी चर्चमधे ऑर्गन वाजवणारा, कुणी तीन गावांच्या तीन ऑर्केस्ट्रांत वाजवून दर आठवड्याला शेकडो मैल गाडी हाकणारा. जत्रेच्या दिवशी शेजारीणबाई आपलं जुनं, जिवापाड जपलेलं व्हायोलिन घरी ठेवतात आणि काळं कुळकुळीत कार्बन फायबरचं घेऊन निघतात. सोबत पिशवीभर लाकडी चिमटे. वाऱ्याने नोटेशनचे कागद उडू नयेत म्हणून. त्यांच्या घरी कपडे ड्रायरमधे वाळतात. चिमट्यांची खरेदी निव्वळ संगीतापायी.

आयोवात 99 काउंट्या आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची आपली जत्रा असते. डे मॉइनला ऑगस्टमधे राज्याची मोठी जत्रा भरते. तिथली लोण्याची गाय 1911 पासून लोक रांगा लावून बघताहेत. पण माझा जीव रमतो तो काउंटीच्या जत्रेत. दहा-बारा वर्षांची पोरं आपापली कालवड पाइपने धुतात, मग तिला ब्लोअरने वाळवतात, केस उलटे विंचरतात आणि परीक्षकापुढे घेऊन जातात. काडीला टोचलेली पोर्क चॉप खात आजोबा लोक डुकरांच्या वजनावर वाद घालतात. मैदानाच्या एका अंगाला ग्रँडस्टँड असतो. त्याच्यासमोर गुरुवारी ट्रॅक्टरांची ओढाओढ, शुक्रवारी गाणं, शनिवारी जुन्या मोटारी एकमेकींवर आदळून फोडायचा खेळ. बैलबाजार, कुस्त्यांचा फड आणि तमाशाची कनात एकाच माळावर बघितलेल्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. आपल्याकडेही जत्रेत ऑर्केस्ट्रा येतोच, फक्त तो सिनेमाची गाणी म्हणतो आणि निवेदक मधेमधे विनोद सांगतो.

त्या शुक्रवारी पन्नासेक जणांचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्याच्यापुढे एक कंट्री गायक. वय साठीपलीकडे, नव्वदच्या दशकात त्याची गाणी रेडिओवर सारखी वाजायची. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्याच्याबद्दल तक्रार म्हणून वाचलं जाऊ नये.

अशा कार्यक्रमाला तालीम एकच मिळते, तीही त्याच दुपारी. गायकाच्या कचेरीकडून नोटेशनची खोकी आधी येतात, वादक आपापला भाग घरी बसवून येतात. शेजारणीच्या वशिल्याने मी तालमीला कनातीच्या सावलीत उभी होते. गायक डोक्याला टोपी घालून एका पेटाऱ्यावर बसला होता आणि निम्म्या आवाजात म्हणत होता. त्याची स्वतःची मंडळी सहा: ड्रम, बेस, दोन गिटार, एक फिडल, एक पेडल स्टील. या सहांपुढे कागद होता, पण त्यावर स्वर नव्हते, नुसते आकडे होते. एक, चार, पाच, पुन्हा एक.

ही नॅशव्हिलची पद्धत. 1950 च्या दशकाच्या शेवटाला जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने ती आपल्या सोयीसाठी काढली, चार्ली मकॉयसारख्या वादकांनी ती स्टुडिओभर केली. पहिल्या स्वरावरच्या कॉर्डला एक म्हणायचं, चौथ्यावरच्याला चार. षड्ज कुठेही ठेवा, आकडे तेच राहतात. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. गवई येऊन बसतो, पेटीवाल्याला ‘आज काळी एक’ म्हणतो, तबलजी हातोडी उचलतो आणि विषय संपतो. घसा बसला असेल तर काळी एकची पांढरी एक होते. त्यासाठी कुणी कागद फाडत नाही.

त्या दिवशी गायकाचा घसा बसलेलाच होता. तिसऱ्या गाण्याला तो म्हणाला, अर्धा स्वर खाली घेऊ. सहा जणांनी माना डोलावल्या, एकाने गिटारची पट्टी सरकवली, झालं. ऑर्केस्ट्रा मात्र जागच्या जागी थिजला. पन्नास जणांच्या कागदांवर प्रत्येक स्वर छापलेला. तो अर्ध्याने उतरवायचा म्हणजे सगळं नव्याने लिहून छापायचं. वाचता वाचता उतरवणारे असतात, पण उन्हात, एका तालमीत, पन्नासच्या पन्नास? कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि ते गाणं ऑर्केस्ट्राविना करायचं ठरवलं. गायकाचं वय वाढतं तसा त्याचा स्वर उतरत जातो, आणि त्याच्या खोक्यांतलं नोटेशन दर काही वर्षांनी पुन्हा लिहून घ्यावं लागतं. या गायकाने बहुधा ते लांबणीवर टाकलं असावं. स्वतःच्या म्हातारपणाची अशी छापील नोंद कोण हौसेने करून घेईल?

संध्याकाळी सूत्रसंचालकाने माइक हाती घेऊन जाहीर केलं की आज आपलं मातीतलं गाणं सुटाबुटात आलं आहे. ग्रँडस्टँड हसला. मला ते वाक्य खटकलं, आणि अजून खटकतं. त्यात गृहीत असं की गाणं खाली होतं, ऑर्केस्ट्राने त्याला हात देऊन वर घेतलं.

कंट्री गाणं आणि ऑर्केस्ट्रा या दोघांची ओळख जुनी आहे आणि तिची सुरुवात कुरापतीने झाली. 1927 साली नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर शनिवारी रात्री ग्रामीण गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्याच्या आधी न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा तास असायचा. एका रात्री डॅमरॉश म्हणाले की अभिजात संगीतात वास्तवाच्या हुबेहूब नकलेला जागा नाही. तरीही अपवाद म्हणून त्यांनी आगगाडीची धाव दाखवणारी एक रचना सादर केली, आणि गंमत म्हणजे तिचा तरुण रचनाकार आयोवाचा होता, असं जॉर्ज हे यांनी पुढे सांगितलं. जॉर्ज हे म्हणजे नॅशव्हिलचे निवेदक. डॅमरॉश यांचा तास संपताच त्यांनी श्रोत्यांना बजावलं, आता इथून पुढे वास्तवच वास्तव. आणि डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय वादकाला पुढे केलं. बेलीने एकट्याने, तळहाताएवढ्या माउथ ऑर्गनवर, आख्खी पॅन अमेरिकन एक्स्प्रेस पळवली. त्यानंतर जॉर्ज हे बोलून गेले की मघापासून ग्रँड ऑपेरा ऐकत होतो, आता ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. कार्यक्रमाला तेच नाव चिकटलं आणि तो अजूनही चालू आहे. बेलीला मात्र 1941 मधे काढून टाकलं. पुढे त्याने बूटपॉलिशचं दुकान चालवून दिवस काढले. कंट्रीच्या मानकऱ्यांच्या यादीत तो आला 2005 साली, मरणानंतर तेवीस वर्षांनी. सुटाबुटाचा प्रश्न काढायचाच असेल तर तो या ठिकाणी काढावा.

ऑर्केस्ट्रातल्या तारा कंट्री गाण्यात शिरल्या त्या प्रतिष्ठेसाठी नव्हे, धंद्यासाठी. 1956 नंतर एल्विसच्या लाटेने तरुण गिऱ्हाईक पळवलं. चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या दोन निर्मात्यांनी गाण्यातलं फिडल आणि स्टील गिटार कमी केलं, मागे मऊ कोरस आणला, व्हायोलिनांचा गालिचा अंथरला. शहरातल्या दिवाणखान्यात चालेल असं गाणं त्यांना हवं होतं. हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर अ‍ॅटकिन्सनी खिशातली चिल्लर खुळखुळवून दाखवली, ही गोष्ट तिकडे सगळे सांगतात. व्हायोलिन वाजवायला यायची नॅशव्हिल सिंफनीतलीच माणसं. दिवसा स्टुडिओत, रात्री बेथोव्हन.

जुन्या रसिकांनी या गालिच्याला नावं ठेवली, अजून ठेवतात. मला ते पूर्ण पटत नाही, याचं एक कारण अगदीच खासगी आहे. वसईत नाताळ आला की आमच्या आळीत घराघरांतून जिम रीव्ह्ज ऐकू यायचा. टेक्सासचा हा माणूस 1964 साली नॅशव्हिलजवळ विमान अपघातात गेला, पण वसईत, वांद्र्यात, गोव्यात तो दर डिसेंबरला परत यायचा. तो कंट्री गायक आहे हे आम्हांला ठाऊकही नव्हतं. मखमली आवाज आणि मागे हळूच येणारी व्हायोलिनं, एवढंच. तो गालिचा नसता तर तो आवाज आमच्या आळीपर्यंत पोचला असता का, मला शंका आहे.

दुसरं कारण जॉर्ज जोन्स. 1980 साली बिली शेरिलने त्याच्याकडून ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ गाऊन घेतलं. आयुष्यभर एकीवर प्रेम करणारा माणूस अखेर थांबतो, कारण त्याला तिरडीवरून नेताहेत. जोन्सला स्वतःला ते गाणं फार सुतकी वाटलं होतं, चालणार नाही म्हणून तो अडून बसला होता. त्या गाण्यात व्हायोलिनं एका जागी जी वर चढत जातात, ती काढून टाका आणि मग ऐका. गाणं उभं राहतं, पण ती तिरडी उचलली जात नाही. आणि 1962 मधे रे चार्ल्सने कंट्रीची गाणी उचलून मोठ्या वाद्यवृंदावर गायली तेव्हा तर कोण कुणाला सूट घालतंय हेच कळेनासं झालं.

असो. कार्यक्रम सुरू झाला तो ऑर्केस्ट्राच्या एकट्याच्या तुकड्याने: कोपलंडच्या 1942 च्या ‘रोडिओ’ बॅलेतला ‘हो-डाउन’. पहिल्या चार सुरांतच ग्रँडस्टँडवर ओळखीची लाट उठली. इथल्या लोकांना हा तुकडा गोमांसाच्या टीव्ही जाहिरातीतून पाठ आहे, आणि प्रेक्षकांत निम्मे गुरं पाळणारे होते. पण त्याचं मूळ आणखी निराळं. केंटकीतल्या बिल स्टेप नावाच्या फिडलरने 1937 साली अ‍ॅलन लोमॅक्सच्या ध्वनिमुद्रण यंत्रापुढे ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही धून वाजवली. बाकीचे ती संथ वाजवत, याने ती उधळलेल्या घोड्यासारखी वाजवली. रूथ क्रॉफर्ड सीगर या बाईंनी ते ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून स्वरलिपीत उतरवलं. कोपलंडने ते छापील पान पाहिलं आणि जवळजवळ जसंच्या तसं ऑर्केस्ट्राला दिलं. म्हणजे आमच्या मैदानावर पन्नास माणसं जे वाचून वाजवत होती तो केंटकीतल्या एका माणसाच्या मनगटाचा एका दिवसाचा लहरी झटका होता. पुढच्या वेळी तो कदाचित वेगळा वाजवता. कागदाला पुढची वेळ नसते.

गायक आल्यावर शेजारणीचं काम सोपं झालं. सोपं म्हणजे कंटाळवाणं. अशा गाण्यात व्हायोलिनांना बहुतेक वेळ लांबलचक स्वर धरून ठेवायचे असतात, चार चार मात्रांचे. कागदावर ते पोकळ अंड्यासारखे दिसतात आणि वादक त्यांना फुटबॉल म्हणतात. पानभर फुटबॉल. एवढं शिकून हे करायचं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “करून बघ. माणूस शब्द कधी टाकेल ते माहीत नसताना एक स्वर चार मात्रा न हलता धरून बघ.”

अडचण तिथेच होती. हा गायक ठेक्याच्या मागे रेंगाळून गाणारा. शब्द मुद्दाम उशिरा टाकायचा, कधी ओळीचा शेवट गिळायचा. आजकाल बरेच जण कानात ठोक्याचं यंत्र लावून गातात, मग सगळ्यांचं घड्याळ एक होतं. याला ते मान्य नव्हतं. त्याची सहा माणसं वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर फिरलेली, त्याने श्वास घेतला की ड्रमरचा पाय थबकायचा. कंडक्टर गायकाकडे बघतच नव्हता, तो त्या ड्रमरच्या पायाकडे बघत होता. आणि पन्नास जण कंडक्टरच्या काठीकडे. गायकाची लहर शेवटच्या रांगेतल्या व्हायोलापर्यंत अशी दोन हातांतून जायची.

स्टेजच्या डाव्या बाजूला फिडलर आणि ऑर्केस्ट्राची पहिली व्हायोलिनवादक अगदी शेजारी होते. वाद्य तेच. तो उभा, बुटाची टाच लाकडावर आपटत. ती बसलेली, पावलं स्थिर, कारण ऑर्केस्ट्रात पायाने ताल धरणं हा गावंढळपणा मानतात. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत मी बघत होते. नंतर तिचाही अंगठा सॅन्डलमधे हलायला लागला.

शेवटून दुसऱ्या गाण्यात घोटाळा झाला. ध्रुवपदाला ग्रँडस्टँड गायला लागला, गायकाने माइक लोकांकडे वळवला, आणि त्याच्या मनात आलं की हे पुन्हा घेऊ. कागदावर तसं नव्हतं. कागदाप्रमाणे तिथून गाणं अर्ध्या स्वराने वर उडी मारून शेवटाकडे जात होतं. सहा जण मागे फिरले. पन्नासांपैकी निम्म्यांनी उडी मारली, काही थांबले, ट्रॉम्बोनवाले तर मोठ्या विश्वासाने पुढे गेले. दोन बार नुसता गलका. कंडक्टरने मूठ आवळली, ऑर्केस्ट्रा गप्प. गाणं सहा जणांवर चालू राहिलं. मग त्याने डावा हात वर धरून ठेवला, ध्रुवपद संपत आलं तसा तो खाली आणला आणि सगळे नेमके त्या उडीवर आत शिरले. लोकांच्या काही लक्षात आलं नाही. ते स्वतःच गात होते.

मला तेव्हा गंधर्व नाटक मंडळी आठवली. बघितलेली नव्हे, घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली. बालगंधर्वांना वन्समोरवर वन्समोर मिळायचे, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. गाणारा कुठल्या ओळीवरून परत फिरेल, कुठे नवीन जागा घेईल, हे आधी ठरलेलं नसायचं, आणि तरी साथ चुकायची नाही, कारण ती कागदावर नव्हतीच. कानात होती. आपल्याकडे साथीदाराची सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे तो गाणाऱ्याच्या मनातलं ओळखतो. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचं शिक्षण याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे पन्नास मनांना एक करायला कागद लागतो, आणि त्या कागदामुळेच बेथोव्हन शक्य होतो, हेही विसरून चालणार नाही. पण जत्रेत ऑर्केस्ट्राची परीक्षा असते ती साथीची. सुटाबुटाची नाही. वादकांना ते नेमकं कळतं; सूत्रसंचालकाला कळत नाही.

या दोन टोकांच्या मधे उभं राहणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत आले. संगीतकार पेटीवर चाल म्हणायचा, सेबॅस्टियन डिसूझांसारखा अरेंजर ती साठ वादकांसाठी लिहून काढायचा. मुरकीच्या जागा कुठे मोकळ्या सोडायच्या, गायिकेच्या श्वासाच्या फटीत व्हायोलिनांची ओळ कुठे सरकवायची, हे त्यांना लिहिता येत होतं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर 1958 साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून त्याच्यापुढे लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना रागदारीवर बेतलेल्या रचना गायला उभं केलं. त्यांचं नाव पुढे लोकांना माहीत झालं ते अंड्यातून बाहेर येऊन गाणाऱ्या अमिताभमुळे. ते गाणं करणारे प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. निदान तेवढं तरी झालं.

कार्यक्रम आटोपल्यावर स्टेजमागे घाई होती. सकाळी त्याच मैदानावर मोटारी फोडायच्या होत्या, त्याआधी सगळं हलवायला हवं. नोटेशन गोळा करणारी बाई खोकं घेऊन रांगांतून फिरत होती, कारण तेच कागद पुढच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या ऑर्केस्ट्राकडे जाणार होते. शेजारणीने चिमटे काढत मला आपली पानं दाखवली. त्यांवर आधीच्या गावांच्या वादकांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एके ठिकाणी चष्मा काढलेला, म्हणजे इथे कागद सोडून कंडक्टरकडे बघा. एके ठिकाणी ‘थांब’. एका गाण्यावर कुणीतरी ‘हा रेंगाळतो’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या, आणि दुसऱ्या अक्षरात त्याच्या पुढे ‘फारच’. पण त्या शेवटून दुसऱ्या गाण्यावर, ध्रुवपदापाशी, कोरं होतं. याआधी तिथे तो बहुधा कधी परत फिरला नव्हता. तिने कानामागची पेन्सिल काढली, एक मोठा चष्मा काढला, शेजारी ‘पुन्हा घेईल’ असं लिहिलं आणि पान खोक्यात टाकलं.